अ‍ॅटनबरोंचा वाय

गांधीजींवर चित्रपट काढणारे रिचर्ड अ‍ॅटनबरो आपल्याकडे १९८२ पासून माहीत आहेत. त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड तर पशुपक्ष्यांच्या मालिकांमुळे घरोघरी पोचलेले. पण तिसरा अ‍ॅटनबरो सांगा म्हटलं, तर आपणच काय, बरेच इंग्रजही अडखळतील. आडनावच तसं विरळा.

नॉटिंगहॅमला लागून, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं खेडं आहे. तिथे खडी काढून झालेल्या खाणींत पाणी भरून तळी तयार झाली, पक्षी आले, आणि १९६६ साली तिथल्या अभयारण्याचं उद्घाटन करायला डेव्हिड अ‍ॅटनबरोच आले होते. आडनाव या गावावरून पडलं असणार, हे उघड वाटतं. आपल्याकडे गाव सोडलेल्या माणसाला ‘कर’ लागतो, तिकडे गावाचं नावच अंगाला चिकटतं. पण एक फाटा फुटतो. ‘बरो’ म्हणजे तटबंदीची जागा, गढी. आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘च्यापाशी’. मग कुठल्याही गढीपाशी राहणाऱ्या कुणालाही लोक अ‍ॅटनबरो म्हणू शकत होते. म्हणजे मूळपुरुष एक की अनेक?

कागदपत्रं इथे तोकडी पडतात. इंग्लंडात वंशपरंपरेनं चालणारी आडनावं रुजली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. चर्चमध्ये जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा हुकूम निघाला १५३८ मध्ये. मधली दोनतीनशे वर्षं सामान्य माणसाची वंशावळ सलग जुळवणं जवळपास अशक्यच.

उत्तर मिळालं ते इंग्लंडातल्याच लेस्टर शहरामध्ये. योगायोग असा, की या दोघा भावांचं बालपण तिथल्याच कॉलेजच्या आवारात गेलं. वडील प्राचार्य होते. त्या कॉलेजचं पुढे विद्यापीठ झालं, १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांना तिथेच डीएनएवरून माणूस ओळखायची, म्हणजे डीएनएच्या ‘बोटांच्या ठशां’ची, युक्ती सापडली, आणि टुरी किंग व मार्क जॉबलिंग या जनुकशास्त्रज्ञांनी आडनावांमागे लागायचं ठरवलं तेही तिथेच.

किंग आणि जॉबलिंग यांची युक्ती सोपी आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं, आणि बरंचसं जसंच्या तसं. त्यावर काही ठिकाणी डीएनएची चारपाच अक्षरं जपमाळेसारखी पुन्हा पुन्हा येतात. एखाद्याकडे एका जागी तेरा वेळा, दुसऱ्याकडे चौदा वेळा. बापाकडून मुलाकडे जाताना हा आकडा बदलतो, पण एका जागी सरासरी चारपाचशे पिढ्यांतून एकदाच. तेव्हा अशा पंधरावीस जागांचे आकडे दोघा पुरुषांत जवळपास सारखे आले, तर त्यांचा समान पूर्वज फार लांबचा नसतो.

२००९ साली किंग आणि जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे निष्कर्ष छापले. स्मिथ मंडळींत एकमेकांशी नातं सापडायची शक्यता रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकीच. साहजिक आहे, लोहार गावोगाव होते. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहांपैकी जवळपास नऊ जणांचा वाय एकाच घराण्याचा!

मला खरी गंमत वाटते ती या आकड्याची. कारण तो इतका मोठा यायला नको होता. दत्तक मूल, आईचं आडनाव लावणारं मूल, शेजाऱ्याचं मूल, अशी गळती प्रत्येक पिढीत थोडी तरी होणारच. ती फक्त दोन टक्के धरा. सातशे वर्षांत वीस पिढ्या होतात, आणि ०.९८ ला वीसदा गुणलं की उरतं ०.६७. म्हणजे सारे एकाच मूळपुरुषाचे असते तरी दोनतृतीयांश लोकांतच त्याचा वाय दिसायला हवा. मग नऊ कसे? अ‍ॅटनबरोंच्या बायका जास्त पतिव्रता होत्या, असं कुणी म्हणत नाही.

उत्तर वंश बुडण्यात आहे. प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा वाचतो, असं समजा. सरासरी एक, पण कुणाला तीन, कुणाला एकही नाही. या साध्या हिशेबात पहिल्याच पिढीत शंभरांतल्या सदतीस घरांची पुरुषशाखा संपते आणि वीस पिढ्यांत नव्वदच्या आसपास. फ्रान्सिस गॉल्टन आणि पाद्री हेन्री वॉटसन यांनी हे गणित १८७४ मध्ये मांडलं होतं. वॉटसननी एक चूक केली: लोकसंख्या वाढत असली तरी सगळीच आडनावं शेवटी नाहीशी होतील, असा निष्कर्ष काढला. तसं होत नाही. पण छोट्या आडनावात इतर शाखा बुडून एखादीच फोफावते, हे मात्र होतं. सुरुवातीला मूळपुरुष दोन असतील, तीन असतील. आज दिसतो तो ज्याला मुलगे झाले आणि जगले, तो.

हीच गोष्ट यॉर्कशायरमधल्या एका दुर्मिळ आडनावात चकित करून गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांकडे मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळणारा वाय सापडला. दिसायला सगळे गोरे, घरात आफ्रिकेची आठवणही नाही. वंशावळी १७८० च्या दशकातल्या यॉर्कशायरमधल्या दोन कुटुंबांपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. तो आफ्रिकी पूर्वज रोमन सैन्याबरोबर आला की गुलामांच्या व्यापाराच्या काळात, ते ठरलं नाही. बाकी सगळे जनुक पिढ्यापिढ्यांच्या सरमिसळीत पातळ झाले, वाय तेवढा आडनावाबरोबर अखंड चालत आला.

लेस्टरच्या मंडळींनी याचा पोलिसी उपयोगही २००६ मध्येच सुचवला होता. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्तावरून आडनावाचा अंदाज बांधायचा आणि संशयितांच्या यादीत ती नावं आधी तपासायची. आडनाव जितकं दुर्मिळ, तितका अंदाज बरोबर यायची शक्यता जास्त. त्या रक्ताचा धनी स्मिथ असेल, तर या युक्तीतून पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही.