सिझेरियननंतर मालिश, शेक, पट्टा: काय, कधी, किती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आम्ही घरी येऊन बाळंतिणीची मालिश करतो. आमच्याकडे येणारा फोन बहुधा बाळंतिणीच्या आईचा असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मालिशवाल्या मावशी उद्यापासून येतील का?" येतील. पण सिझेरियन झालं असेल तर सहा आठवडे त्या पोटाला हात लावणार नाहीत. असं का, ते या पत्रकात आहे. घरातल्या मोठ्यांनीही ते वाचावं ही विनंती, कारण बाळंतिणीला काय चालतं आणि काय नाही हे बहुतेक घरांत तेच ठरवतात.

आतले टाके दिसत नाहीत

त्वचेवरच्या टाक्यांखाली चरबी, स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, पोटाच्या आतला पडदा आणि गर्भाशय, इतक्या थरांवर चीर दिलेली असते. वरची कातडी साधारण दोन आठवड्यांत मिटते. ते जाड आवरण मात्र सहा आठवडे उलटले तरी मूळ ताकदीला आलेलं नसतं. पोट चोळण्याची, दाबून बांधण्याची आपल्याकडची रीत नैसर्गिक बाळंतपणासाठीची आहे. ती जशीच्या तशी इथे लावली की आतल्या शिवणीवर ताण येतो.

आम्ही देतो ते सगळं औषधांच्या जोडीला, औषधांच्या जागी नव्हे. "दुधातून बाळाला जाईल" म्हणून दुखण्याची गोळी टाळू नका. डॉक्टर स्तनपान लक्षात घेऊनच ती लिहून देतात. दुखत असलं की बाई खोल श्वास घेत नाही, उठत नाही, आणि न हलल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पहिला आठवडा

दर तासाला जागेपणी पाच खोल श्वास घ्या आणि दोन्ही पावलं घोट्यातून दहा वेळा वर-खाली करा. खोकला, शिंक, हसू आलं की उशी जखमेवर दोन्ही हातांनी धरून ठेवा. उठताना सरळ उठू नका: गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय खाटेवरून खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने बसा. जमिनीवरच्या गादीवरून उठायला फार जोर लागतो, म्हणून पहिले पंधरा दिवस तरी खाट हवी.

पोट फुगून वारा सरत नसेल तर डॉक्टरांना विचारून साखर नसलेलं च्युइंगम दिवसातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास चघळा. सिझेरियननंतर त्याने आतडी लवकर चालू होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. मळमळीसाठी मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूच्या दोन दोरीसारख्या ताठ शिरांच्या (कंडरांच्या) मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाब द्या.

या आठवड्यात मालिश फक्त हात, पावलं, खांदे आणि डोक्याची. एवढ्यानेही दुखणं हलकं होतं आणि झोप लागते.

मालिशीचे आमचे नियम

मावशी तेलाची वाटी उघडण्याआधी दोन्ही पोटऱ्या पाहतात. एकच पाय सुजलेला, गरम, लालसर किंवा दाबल्यावर दुखरा असेल तर त्या दिवशी मालिश होत नाही, थेट दवाखाना. आत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. "थोडं चोळलं की उतरेल" असा आग्रह कृपया करू नका. यात आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

दोन आठवड्यांनी, जखम कोरडी असेल तर, कुशीवर झोपवून पाठ, कंबर आणि मांड्या. पालथं झोपवत नाही. तीळतेल किंवा खोबरेल एका वेळेला 30 ते 40 मिली पुरतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, विस्तवावर नाही. जखमेवर कोरडं सुती फडकं ठेवतो, तेल तिथे ओघळता कामा नये. ताज्या जखमेवर तेल-हळद लावल्याने ती ओली राहते, मळ धरते आणि पिकते. खानापूरकडच्या पावसात तर पोटाच्या वळीखालची जखम नुसत्या घामानेही ओली राहते. न्हाल्यावर वळी उचलून टिपून कोरडी करा, पुसू नका. फडकी उन्हात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा.

आणखी एक, जे कुणीच सांगत नाही: परकराची नाडी आणि लेगिंग्जचं इलॅस्टिक नेमकं जखमेच्या रेघेवर बसतं. टाके मिटेपर्यंत मॅक्सी घाला, किंवा नाडी बेंबीच्या वर बांधा.

न्हाणीघरात तेलाने फरशी निसरडी होते. रबरी पायांच्या स्टुलावर बसा आणि पाणी दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या. भरलेली कळशी, बादली, मोठं मूल, काहीच उचलू नका. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नाही.

पट्टा

पोटावरचा पट्टा आडवं पडून लावायचा, खालची कड नितंबांच्या हाडांवरून, आणि दोन बोटं आत सहज जातील इतकाच घट्ट. उठण्या-चालण्याच्या वेळी दोन-तीन तास लावा; झोपताना आणि जेवताना काढा. त्याने हालचालीला आधार मिळतो आणि दुखणं कमी होतं. पोट "आत जातं" हा समज चुकीचा आहे. करकचून बांधलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो, आणि खोकल्याबरोबर लघवी सुटण्याचा त्रास वाढू शकतो. सुती कापडाने बांधत असाल तर गाठ बाजूला घ्या.

शेगडी आणि धुरी

ओवा-बाळंतशेपाची धुरी घरोघरी आवडते, पण बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो ना वास येतो, आणि बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेततो. कंबर-पाठीला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं पुरते. जखमेच्या आसपास शेक नको: तिथली कातडी बधीर असते, भाजलं तरी कळत नाही. तो बधिरपणा चीर देताना कापलेल्या बारीक नसांमुळे असतो आणि कित्येक महिने टिकतो. बाळाजवळ कापूर आणि निलगिरी तेल अजिबात नको.

सहा आठवड्यांनंतर

डॉक्टरांनी तपासून होकार दिला, खपली किंवा पाझर नसला, की व्रणाची मालिश सुरू. दोन बोटं व्रणाच्या वर ठेवून कातडी बोटांसोबत सरकवा, नुसती घासू नका. आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे, मग लहान गोल. दिवसातून एकदा पाच मिनिटं. आतले थर एकमेकांना चिकटून ओढ लागते, ती याने कमी होते. व्रण जाड, लाल होत असेल तर सिलिकॉनची पट्टी रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने.

सिट-अप्स करण्याआधी आम्ही पोटाच्या स्नायूंमधली फट बघतो. गुडघे दुमडून उताणं झोपायचं, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवायची. दोनपेक्षा जास्त बोटं आत गेली तर सिट-अप्स नाहीत, आधी श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम.

खाण्यापिण्याचं

पाणी कमी देण्याची रीत सोडा. पाणी कमी पडलं की शौचाला कुंथावं लागतं, आणि कुंथणं टाक्यांना वाईट. तहान लागेल तेवढं, आणि दर वेळी पाजताना एक पेला. अळीव, डिंकाचे लाडू, गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) हे चांगलं, पण रोज एखादा लहान तुकडा. गरोदरपणी साखर वाढली असेल तर सहा ते बारा आठवड्यांत साखरेची तपासणी होईपर्यंत गोडावर हात आखडता ठेवा. अरिष्ट-आसव या पातळ आयुर्वेदिक औषधांत आंबवण्यातून आलेला मद्यार्क असतो, म्हणून मात्रा वैद्यांनाच विचारा. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं घेऊ नका.

लगेच दवाखाना

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर. जखमेतून पू, घाण वास, जखम उघडणं. तासाभरात एक पॅड भिजणं. एकाच पायाची सूज. दम लागणं, छातीत दुखणं. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. बसल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर थांबणारी डोकेदुखी कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे असू शकते, तिला मालिशीचा उपयोग नाही. अँब्युलन्ससाठी 108. उदासी, रडू, बाळाबद्दल काहीच न वाटणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर 14416 या सरकारी क्रमांकावर बोला, फोन मोफत आहे. बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली तर वाट न पाहता, एकटं न ठेवता, त्याच क्षणी दवाखाना.

पहिल्या भेटीआधी काढून ठेवा

डिस्चार्जचा कागद (इंग्रजी-कानडीत असला तरी चालेल, आम्ही वाचतो), तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड), चालू गोळ्यांची पाकिटं, दोन जुने स्वच्छ टॉवेल, तीन उशा. बाळाला नुकतंच पाजलेलं असावं, म्हणजे मालिश मध्येच थांबवावी लागत नाही.