ढोली पडायला शंभर वर्षं

'झाड आतून पोकळ झालंय, पाडून टाका' हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. झाडाचा गाभा जिवंत झाडातही मृतच असतो. पाणी वर चढतं ते गाभ्याबाहेरच्या ओल्या लाकडातून, म्हणजे रसकाष्ठातून. फांदी मोडली की तिथून बुरशी शिरते, गाभा मऊ पडतो, सुतार पक्षी भोक पाडतो आणि झाड पुढं कित्येक दशकं उभं राहतं. सुतारानं सोडलेली ढोली मग घुबडं, वटवाघळं, उडत्या खारी वापरतात.

लागवडीच्या जंगलात हे घडायला वेळच मिळत नाही. झाड भरात आलं की तोडतात. ऑस्ट्रेलियात तर सुतार पक्षीच नाहीत. तिथल्या निलगिरीला मोठी ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. म्हणून ढोलीऐवजी लाकडी पेट्या टांगतात. युरोपात अशा पेटीला 25 मिमीचं भोक ठेवलं तर निळी टिट ही चिमणीहून लहान पाखरं आत जातात, 28 मिमीचं ठेवलं की ग्रेट टिट आणि पाइड फ्लायकॅचर हे दुसरे छोटे पक्षीही. तीन मिलिमीटरनं भाडेकरू बदलतो!

पण पेटी म्हणजे ढोली नव्हे. ओल्या खोडात पाणी भरपूर असतं. पाइनसारख्या कित्येक झाडांच्या रसकाष्ठात तर कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला सुमारे 4.2 ज्यूल लागतात, कोरड्या लाकडाला त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय ढोलीची भिंत जाड. दुपारची उष्णता तिच्यातून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि रात्री तीच ऊब आत उरते. पेटीची फळी जेमतेम दोन सेंटिमीटरची आणि वाळलेली. ती हवेबरोबर तापते, हवेबरोबर गार पडते. अंगावर पिसं नसलेल्या पिल्लाला उन्हातली अशी पेटी भट्टीसारखी ठरते.

त्यामुळे 'पेट्या लावल्या, जंगल जिवंत झालं' असे फोटो पाहिले की मी आधी पेटीवर सावली आहे का ते बघतो, मग फळीची जाडी.

ऑस्ट्रेलियात आता करवतीनं जिवंत खोडातच कप्पा कोरतात आणि भोक पाडलेली जाड चकती त्यावर बसवतात. आतलं तापमान नैसर्गिक ढोलीच्या जवळ जातं. फक्त झाड ही जखम भरून काढायला लागतं. साल कडेकडेनं पुढं सरकते आणि भोक बुजत जातं, म्हणून ते अधूनमधून तपासून मोकळं करावं लागतं.