फॉर्म १ आणि फॉर्म १-ए: ट्रकवाल्यांचा नेहमीचा घोळ

हेवी लायसनच्या रिन्यूअलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, "मेडिकल ना, ते ऑनलाइन टिक केलं की झालं." लगेच दुसरा म्हणतो, "छे, डॉक्टरचा शिक्का लागतो." मग दोघांची जुंपते, आणि गंमत अशी की दोघंही अर्धं बरोबर बोलत असतात, कारण एक फॉर्म १ बद्दल बोलतोय आणि दुसरा फॉर्म १-ए बद्दल. तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी गाडीचं फिटनेस बाजूला काढा. पासिंग ट्रकचं असतं, ड्रायव्हरचं नाही. नव्या ट्रकला दोन वर्षं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. त्या कागदाचा तुमच्या डोळ्यांशी, कानांशी काडीचा संबंध नाही. तरीही "फिटनेस आहे की माझ्याकडे" म्हणत गाडीचा कागद पुढे करणारे भेटतातच, त्यांना हात जोडून नमस्कार.

फॉर्म १ सगळ्यांना माहितीय, भले नाव माहीत नसेल. दुचाकीचं लायसन काढताना तो भरलेला असतो. ही स्वतःची घोषणा. मला फिट येत नाही, अचानक शुद्ध हरपत नाही, चक्कर येत नाही, २५ मीटरवरून दिवसाउजेडी गाडीची नंबरप्लेट वाचता येते, हातपाय शाबूत आहेत, रातांधळेपणा नाही, हॉर्न ऐकू येतो, गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा कुठला आजार नाही. खाली सही. डॉक्टर कुठेही नाही. बोलणारे तुम्ही, जबाबदारीही तुमचीच. दुचाकी किंवा घरची कार चालवणाऱ्याला सहसा एवढं पुरतं, फक्त चाळिशी ओलांडल्यावर लायसन रिन्यू करताना त्यालाही डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि हे बऱ्याच कारवाल्यांना काउंटरवर गेल्यावरच कळतं.

फॉर्म १-ए हे डॉक्टरचं सर्टिफिकेट. मोटार वाहन कायद्याचं कलम ८ आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम, त्यातला नियम ५, तिथून हे येतं. ट्रान्सपोर्ट लायसन (म्हणजे ट्रक, बस अशा धंद्याच्या गाड्यांचं) म्हटलं की १-ए आलाच, मग पहिल्यांदा काढा नाहीतर रिन्यू करा, वय पंचवीस असो नाहीतर पंचावन्न. आणि डॉक्टर म्हणजे ओळखीतला कुठलाही डॉक्टर नाही, राज्य सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या माणसाने या कामासाठी नेमलेला रजिस्टर्ड डॉक्टर हवा. अमक्याच्या भावाच्या लेटरहेडवर "ही इज फिट" असं लिहून आणलेला कागद १-ए होत नाही, कितीही मोठा शिक्का मारा.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. खरी गडबड पुढे आहे. बहुतेकांचा समज असा, की १-ए मोठा कागद, फॉर्म १ छोटा, मग मोठा मिळाला की छोट्याला कोण विचारतं. किंवा उलटा समज, ऑनलाइन अर्ज करताना घोषणेचे प्रश्न येतात ते टिक केले म्हणजे मेडिकल उरकलं. दोन्ही चूक. हे दोन कागद लहानमोठे नाहीत, दोघं वेगवेगळ्या गोष्टी विचारतात, आणि १-ए जरा निवांत वाचला तर त्यात एक ओळ सापडते: अर्जदाराने फॉर्म १ मध्ये केलेली घोषणा सोबत जोडली आहे. म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट तुमच्या घोषणेला सोबत घेऊनच उभं आहे.

आता डॉक्टर नक्की काय लिहितो ते बघा. नजरेत दोष आहे का, असला तर चष्म्याने सुधारलाय का. रंग ओळखता येतात का. २५ मीटरवरून नंबरप्लेट दिसते का. हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. गाडी चालवताना आड येईल असं व्यंग आहे का. मग खाली तो प्रमाणित करतो की मी या माणसाला स्वतः तपासलं, लांबची नजर, ऐकणं, हातपाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष दिलं. रक्तगटाचा रकाना आहे, तो ऐच्छिक.

या यादीत फिट येण्याचा प्रश्न कुठे आहे? नाहीच. चक्कर? नाही. अचानक शुद्ध जाणं? तेही नाही. हे तीनही फक्त फॉर्म १ मध्ये आहेत, आणि पहिल्याच प्रश्नात आहेत. कारण सरळ आहे. समोर ठणठणीत बसलेल्या माणसाला गेल्या दिवाळीत फिट आली होती की नाही हे डॉक्टरला तपासून दिसत नाही, ते फक्त त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना माहीत असतं. डोळे, कान, हात, पाय डॉक्टरला दिसतात म्हणून ते डॉक्टरकडे, आणि जे फक्त तुम्हालाच माहीत ते तुमच्याकडे. ट्रकच्या बाबतीत सगळ्यात भीतीदायक प्रश्न कुठला, तर घाटात उतारावर असताना ड्रायव्हरची शुद्ध जाणं, आणि नेमका तो प्रश्न त्या "छोट्या" कागदावर आहे, जो एजंटचा पोरगा तुम्हाला न विचारता, चहा पिता पिता "नाही, नाही, नाही" करत टिक करतो. माझं डोकं इथे फिरतं. तुमच्या नावाने दुसरा माणूस शपथेसारखं काहीतरी लिहून देतोय आणि तुम्ही मोबाइल बघत बसलाय.

खोटं लिहिलं तर काय होतं, असं विचारणारे असतात. फसवून किंवा चुकीची माहिती देऊन लायसन मिळवलं असेल तर लायसन देणारा अधिकारी कलम १९ खाली ते रद्द करू शकतो. शिवाय कलम १६ आहे, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आजारामुळे किंवा व्यंगामुळे हा माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला वाजवी कारण असेल तर अधिकारी लायसन रद्द करू शकतो किंवा नवं मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतो, आणि तेही कधीही. म्हणजे "एकदा १-ए दिला की पाच वर्षं कुणी विचारणार नाही" हा भ्रम आहे. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं झालं, आधी तीनचं होतं.)

धोकादायक माल, म्हणजे पेट्रोलियम, केमिकलचे टँकर वगैरे चालवणाऱ्यांना अजून एक पायरी आहे. त्यांच्या १-ए मध्ये डॉक्टरने तीन गोष्टी जादा तपासायच्या असतात: प्रतिक्रिया किती पटकन येते, बाजूचं किती दिसतं, आणि समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर पडल्यावर नजर किती लवकर सावरते. रात्रीच्या हायवेवर चालवणाऱ्याला ही तिसरी गोष्ट सांगायलाच नको. माझं मत विचाराल तर ती प्रत्येक ट्रक ड्रायव्हरची तपासायला पाहिजे, कांदे नेणाऱ्याचे डोळे काय वेगळे असतात का.

छोट्या टेम्पोवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ ला ठरवलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. त्यामुळे छोटा हत्ती चालवणारा तिशीतला पोरगा फॉर्म १ वरच रस्त्यावर असू शकतो आणि ते कायदेशीर आहे. पण त्याचं बघून मोठ्या ट्रकवाल्याने "मलाही १-ए नको" म्हणू नये. एक डोळा गमावलेल्यांचंही तसंच: फॉर्म १ मध्ये त्यांना जी सवलत आहे ती ट्रान्सपोर्ट नसलेल्या हलक्या गाडीपुरती आणि तीही अटींसकट, ट्रकला नाही. रंगांधळेपणाचं मात्र जून २०२० पासून सैल झालंय, सौम्य किंवा मध्यम असेल तर लायसन मिळू शकतं, तीव्र असेल तर नाही.

आता माझा खास राग. १-ए वर फोटो लावतात, त्यावर डॉक्टरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यायला हवी, तशी सूचना फॉर्मवरच छापलेली असते. कारण उघड आहे, मागाहून कुणी फोटो बदलू नये. आणि आम्ही काय करतो, सह्या झालेले कोरे फॉर्म आणून वर फोटो चिकटवतो. डॉक्टरने माणूस पाहिलेलाच नसतो, आणि सर्टिफिकेटवर मात्र "स्वतः तपासलं". २५ मीटर म्हणजे सत्तर-ऐंशी पावलांचं नाही पण तीस-पस्तीस पावलांचं अंतर तरी आहे, ते दहा फुटांच्या केबिनमध्ये कसं तपासलं म्हणायचं? चार्ट असेल तर ठीक, नाहीतर दारात उभं करून समोरच्या गाडीचा नंबर वाचायला सांगा, अर्धा मिनिट लागतो.

आणि हो, १-ए वर बीपी, शुगरचा रकाना नाही, त्यामुळे "मेडिकल क्लिअर आलं" म्हणजे शुगर नॉर्मल आहे असं धरून चालू नका. शुगर एकदम खाली जाऊन भोवळ येत असेल तर ते उत्तर पुन्हा फॉर्म १ च्या पहिल्या प्रश्नातच येतं, कारण तिथे चक्कर "कुठल्याही कारणाने" असं विचारलंय.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपल्यावर वर्षाच्या आत केला तर टेस्ट नाही, वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. पूर्वी संपल्यानंतरही तीस दिवस लायसन चालायचं, ते २०१९ च्या दुरुस्तीने गेलं, जुने ड्रायव्हर अजून तीस दिवस धरून बसतात. तेव्हा आधी जा, १-ए हातात घ्या, आणि फॉर्म १ चे प्रश्न स्वतः वाचून स्वतः टिक करा, एजंटला फक्त फी भरायला सांगा.