लकव्याचे तातडीचे उपचार : ग्रामीण विदर्भ

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणे. विदर्भात यालाच लकवा म्हणतात. जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असेही सांगतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकली काय किंवा वाहिनी फुटली काय, वरून चित्र एकच दिसते : तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे बोबडे. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर जिवावर बेतते. म्हणून आधी सिटी स्कॅन लागतो, आणि खेड्यातली अडचण इथूनच सुरू होते.

गडचिरोलीतील ८६ गावांमध्ये ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ पैकी २२९ मृत्यू लकव्याने झाले होते, म्हणजे सातांत एक. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला होता.

गुठळीचे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते. अल्टेप्लेज हे असे एक औषध; त्याचा दहावा हिस्सा एकदम आणि उरलेला तासभर शिरेतून देतात. टेनेक्टेप्लेज हे दुसरे औषध एकाच इंजेक्शनात देता येते, त्यामुळे छोट्या रुग्णालयाला ते सोयीचे.

वेळेचा हिशेब घरापासून मांडावा लागतो. ‘कधी झालं?’ असे विचारले की नातेवाईक ‘सकाळी’ म्हणतात. खोदून विचारल्यावर कळते : ‘राती जेवले तवा चांगले होते, उठले त तोंड वाकडं.’ मग घड्याळ सकाळपासून नव्हे, रात्रीच्या जेवणापासून धरायचे. म्हणून प्रश्नच बदलावा : ‘शेवटचे धड कधी बोलले?’ मधले तास कुठे तेल चोळण्यात, तर कुठे कबुतराचे रक्त लावण्यात गेलेले असतात.

तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सहसा सिटी स्कॅन नसतो. तिथली खरी सुधारणा म्हणजे रुग्णाला अडवून न ठेवणे. बोटातून साखर तपासावी (साखर उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखे दिसते), वेळ लिहावी, १०८ बोलवावी आणि जिल्हा रुग्णालयाला आधीच फोन करावा. रक्तदाब १८० दिसला की जिभेखाली गोळी ठेवायची जुनी सवय घातक आहे. दाब धाडकन उतरला तर मेंदूचे उरलेसुरले रक्तही आटते. गुठळीचे औषध द्यायचे असेल तर दाब १८५/११० च्या खाली हवा, पण तोही सावकाश आणावा. स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

जिल्हा रुग्णालयात स्ट्रेचर थेट स्कॅनकडे न्यावे, केसपेपर मागाहून निघतो. दारापासून इंजेक्शनपर्यंत तासाभराच्या आत काम उरकावे, असा दंडक आहे. मेंदूविकारतज्ज्ञ जागेवर असलाच पाहिजे असे नाही. हिमाचल प्रदेशाने जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना दुरून तज्ज्ञांचा सल्ला देऊन ही सेवा चालवून दाखवली.

वॉर्डात आल्यावर घरचे लोक मायेने चहा पाजतात. गिळता येते की नाही हे परिचारिकेने चमचाभर पाण्याने तपासेपर्यंत तोंडाने काहीच द्यायचे नसते. ठसका लागून चहा फुप्फुसात गेला, तर लकव्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने दगावतो.