उपचारासाठी स्टेरॉइड घ्यावे लागल्यास: खेळाडूंसाठी ‘टीयूई’ अर्जाची माहिती

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध खेळाच्या नियमांतही चालते, हा समज खेळाडूंच्या घरोघरी पक्का असला, तरी उत्तेजकविरोधी नियमांत त्याला आधार नाही. प्रतिबंधित औषध घेणे खरोखरच अपरिहार्य असेल, तर चिठ्ठीबरोबर उपचारार्थ वापराची सवलत, म्हणजेच ‘टीयूई’, मिळवावी लागते. राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने त्यासाठी ‘नाडा’कडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे), तर आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने आपल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे अर्ज करायचा असतो.

सवलत लागतेच का, हे आधी पाहावे. दम्यासाठी ठरलेल्या मात्रेत ओढला जाणारा स्टेरॉइडचा पंप किंवा त्वचेवरचे मलम यांना ती लागत नाही. प्रेडनिसोलोनसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्या आणि, 1 जानेवारी 2022 पासून, त्यांची सर्व प्रकारची इंजेक्शने मात्र स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. ॲनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइडवर तर बाराही महिने बंदी असते. त्यांपैकी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकासाठीची सवलत वृषण किंवा पीयूषिका ग्रंथीच्या सिद्ध झालेल्या आजारातच विचारात घेतली जाते. थकवा किंवा वाढते वय हे कारण तेथे चालत नाही.

पात्रतेच्या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: आजाराचे निदान वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेले असावे, औषधामुळे प्रकृती पूर्ववत होण्यापलीकडे कामगिरीत वाढ होण्याची शक्यता नसावी, ते त्या आजारावरील मान्य उपचार असून त्याला योग्य असा अप्रतिबंधित पर्याय नसावा, आणि आधी सवलतीविना घेतलेल्या प्रतिबंधित पदार्थामुळे ही गरज उद्भवलेली नसावी.

अर्ज बहुधा कागदपत्रांपाशीच अडतो. अर्जात औषधाचे मूळ नाव (केवळ ब्रँडचे नव्हे), मात्रा, देण्याचा मार्ग, वारंवारता आणि कालावधी लिहून डॉक्टर व खेळाडू या दोघांनीही सही करायची असते. सोबत आजाराचा सविस्तर इतिहास, तपासणीचे निष्कर्ष, प्रयोगशाळेचे व इमेजिंगचे अहवाल, तसेच अप्रतिबंधित औषधे का उपयोगी पडली नाहीत याचा खुलासा हवा. ‘रुग्णास या औषधाची गरज आहे’ एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्रावर अर्ज तपासणाऱ्या समितीतील डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

केवळ स्पर्धाकाळात प्रतिबंधित असलेल्या औषधासाठी स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी अर्ज करावा. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे 21 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तातडीच्या उपचारात मागाहूनही अर्ज करता येतो, म्हणून रुग्णालयाची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत. नकार मिळाल्यास अपील करता येते.

ही सवलत क्रीडानियमांपुरतीच आहे. अमेरिकेत ॲनाबॉलिक स्टेरॉइड 1990 च्या कायद्याने नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या अनुसूचीत गेली असून, वैध चिठ्ठीविना ती बाळगणे हा तेथे संघराज्याच्या कायद्याखालील गुन्हा ठरतो. तेथे शिकणाऱ्या किंवा सराव करणाऱ्या खेळाडूने मूळ चिठ्ठी जवळ बाळगावी.

मंजुरीपत्रावरील मुदत संपल्यावर सवलत आपोआप पुढे चालू राहत नाही. उपचार सुरू ठेवायचे असल्यास मुदतीपूर्वी नव्याने अर्ज करावा लागतो.