बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील निसर्गस्नेही भ्रमंती

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तिथल्या जंगलाला, पाण्याला, प्राण्यांना आणि पाड्यांवरच्या माणसांना त्रास न देता फिरण्याची पद्धत. जुने मुंबईकर या जागेला आजही ‘नॅशनल पार्क’ किंवा ‘बोरिवली पार्क’ म्हणतात. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवली स्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. त्यामुळे खासगी गाडी घरी ठेवून लोकलने येणे इथे सहज जमते. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते.

पावसाळ्यातली इथली हिरवाई पाहून अनेकजण या जंगलाला वर्षावन म्हणतात, पण ते बरोबर नाही. वर्षावनाला जवळजवळ बारमाही ओलावा लागतो. मुंबईत सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण तो जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. म्हणून इथे साग, ऐन, कळंब, सावर, पळस अशा पानगळी वृक्षांचे राज्य आहे. ओढ्यांच्या काठाने निमसदाहरित पट्टे टिकून आहेत, तर उत्तरेला वसईच्या खाडीलगतच्या नागला भागात खारफुटी आहे. हा फरक पाहुण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मार्च ते मे या काळात जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो आणि विडीच्या थोटकानेही वणवा लागू शकतो. उन्हाळ्यात काडेपेटी सोबत न नेणे ही इथली पहिली शिस्त मानायला हवी.

या जंगलाचे पाण्याशी असलेले नाते फार कमी पाहुण्यांना ठाऊक असते. १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे दोन्ही तलाव आजही मुंबईला पाणी पुरवतात आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र म्हणजे हेच डोंगर. दहिसर आणि पोईसर या नद्या इथूनच निघतात. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून मिठी वाहते. वाटेवर टाकलेले वेफर्सचे पाकीट पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यात, तिथून नदीत आणि मग खाडीत पोहोचते. तलावांच्या काठावर परवानगीशिवाय जाता येत नाही. त्यांत मगरीही आहेत. पावसाळी ओढे काही मिनिटांत फुगतात, त्यामुळे धबधब्याखाली भिजण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. पाणी साठवण्याची इथली परंपरा पाहायची तर उद्यानातल्याच कान्हेरीला जावे. बेसॉल्ट खडकात कोरलेल्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्यांपैकी अनेकांच्या दाराशी पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्षूंनी पावसाचे पाणी असे वर्षभर पुरवले; त्याच टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्या पाहून वाईट वाटते.

कचऱ्याचा दुसरा परिणाम बिबट्यापर्यंत जातो. उरलेल्या अन्नावर भटकी कुत्री आणि डुकरे वाढतात आणि बिबट्या त्यांच्या मागे जंगलाच्या कडेला, वस्तीजवळ येतो. २०१८ च्या अभ्यासात उद्यान, शेजारची आरे वसाहत आणि लगतच्या परिसरात ४७ बिबट्यांची नोंद झाली. एवढ्या दाट मानवी वस्तीला खेटून इतके बिबटे राहणे ही जगाच्या दृष्टीनेही दुर्मीळ गोष्ट आहे. २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवरील हल्ले वाढले होते. दुसऱ्या ठिकाणी पकडलेले बिबटे इथे आणून सोडणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या कामातूनही बिबटे असे हलवण्याचे हेच दुष्परिणाम दिसले. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी हे उद्यानाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) या उपक्रमातून वस्त्यांमध्ये जागृतीचे काम हाती घेतले. पाहुण्याने करायचे ते साधे आहे: अंधार पडण्याआधी बाहेर पडावे, आखलेली वाट सोडू नये, लहान मुलांना पुढे एकटे धावू देऊ नये आणि माकडांना काहीही खायला घालू नये. केळ्याला चटावलेले माकड पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढते आणि मग दोष मात्र माकडाला दिला जातो.

यातले बरेच काही केवळ शिष्टाचार नाही, कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्याला डिवचणे आणि जमिनीवर कचरा टाकणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे, आग लावण्यालाही. फुले, बिया, शिंपले, पिसे काहीही उचलून नेऊ नये. मोठ्या आवाजातले गाणे सर्वांत टाळण्यासारखे. ज्याला भेकर हे हरीण किंवा स्वर्गीय नर्तक हा पक्षी पाहायचा आहे त्याने लहान गट करून गप्प चालावे. शिलोंडासारख्या वाटांवर वाटाड्यासह जाणेच योग्य. गोरेगावच्या चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ३३ एकरांचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. पहिल्यांदा जंगल पाहणाऱ्या मुलांसाठी ती सर्वांत चांगली सुरुवात आहे.

कारवीच्या वर्षी जास्तच काळजी घ्यावी लागते. ही झुडपे आठ वर्षांतून एकदाच फुलतात; इथला बहर २०१६ आणि २०२४ साली झाला. फुलून बी धरले की झाड मरते आणि पुढची पिढी त्या बियांवरच उभी राहते. निळ्या-जांभळ्या उतारात फोटोसाठी घुसून फांद्या मोडणारा माणूस पुढच्या बहराचे नुकसान करतो.

उद्यानात नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे इथे राहतात, वाघोबाला पुजतात. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणे हटवली गेली तेव्हापासून घराच्या हक्काचा प्रश्न या पाड्यांनाही भेडसावत आला आहे, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे. न विचारता त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढणे म्हणजे उद्धटपणा. पावसाच्या सुरुवातीला बोरिवली आणि ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, कुर्डू, टाकळा, फोडशी आणि पुढे कंटोली घेऊन बसतात. रानभाजी स्वतः जंगलातून खुडून आणण्यापेक्षा ती त्यांच्याकडून, भावात घासाघीस न करता घ्यावी. शेवळं घेताना सोबत काकड हे आंबट फळही मागून घ्यावे, नाहीतर भाजी घशाला खाजते.