लिनक्स, डेबियन, उबुंटू, मिंट : घर एक, चुली वेगळ्या

(आमच्याकडून लिनक्स टाकून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी दुकान उघडले की एखाददुसरा लॅपटॉप हमखास येतो. रविवारी निवांत वेळ मिळालेला असतो, कुठलातरी व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्याखालच्या आज्ञांच्या चार ओळी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवलेल्या असतात. मग अपडेट अडते आणि पडद्यावर ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असा काहीतरी मजकूर येतो. आम्ही विचारतो, ‘‘ओळी कुठल्या लिनक्सच्या होत्या?’’ उत्तर ठरलेले असते : ‘‘लिनक्सच्याच होत्या की!’’

या उत्तरामुळे तुमचा एक दिवस जातो आणि आमचे अडीच-तीन तास. म्हणून हे पत्रक.

विंडोज एका कंपनीचे आहे, लिनक्सचे तसे नाही. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तो उभा केला आणि १९७३ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिला. बर्कली विद्यापीठातून त्याची बीएसडी ही शाखा निघाली. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी त्याच शाखेतले, आणि ॲपलच्या मॅकमध्येही तिचा अंश आहे. मॅकबुक वापरणारे ग्राहक आमच्याकडचे टर्मिनल पाहून ‘अरे, हे तर आमच्यासारखेच’ म्हणतात, ते त्यामुळेच.

लिनक्स मात्र युनिक्सचा औरस वारस नाही. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये युनिक्सच्या वळणाचे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतः लिहिले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात १९८३ पासून बाकीची अवजारे तयार होतच होती. दोन्ही एकत्र आली आणि संसार सुरू झाला. म्हणजे काटेकोर बोलायचे तर लिनक्स हे फक्त इंजिन. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे, पण फोनवरचे ॲप आपण लॅपटॉपवर टाकायला जात नाही. इंजिनाभोवती अवजारे, खिडक्या, मेनू आणि सॉफ्टवेअरचे कोठार जोडून जो पूर्ण संच होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात.

डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. तुम्हाला कामापुरत्या दोन शाखा कळल्या तरी पुरे. १९९३ मध्ये इयन मर्डॉकने डेबियन सुरू केले (नाव तेव्हाची मैत्रीण, पुढे पत्नी झालेली डेब्रा आणि स्वतः इयन यांचे मिळून). दुसरी शाखा रेड हॅटची. फेडोरा तिच्यातले. डेबियनवाल्यांच्या सॉफ्टवेअरच्या फायली (पॅकेजेस) ‘डेब’, रेड हॅटवाल्यांच्या ‘आरपीएम’. या दोघांत गोंधळ सहसा होत नाही, कारण एकाची फाइल दुसरा उघडतच नाही.

खरी भानगड सख्ख्या नात्यात होते. डेबियनवरून २००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू निघाले. तेव्हा त्याच्या सीडी मागितल्यावर पोस्टाने फुकट घरपोच यायच्या; त्यातले एक पाकीट आमच्या कपाटात अजून आहे. उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट आले. सी-डॅक या सरकारी संस्थेचे ‘बॉस’ हे डिस्ट्रोही डेबियनचेच. हे सगळे ‘डेब’ फायली वापरतात, सगळ्यांची सॉफ्टवेअर टाकायची ‘ॲप्ट’ ही आज्ञा एकच. म्हणून वाटते की एकाचे दुसऱ्याला चालेल. चालत नाही. चुली वेगळ्या झाल्या आहेत.

आता ती नेमकी चूक. प्रत्येक आवृत्तीला टोपणनाव असते. आम्ही तुम्हाला दिलेले मिंट २२ म्हणजे ‘विल्मा’. ते उबुंटू २४.०४ वर उभे आहे, त्याचे नाव ‘नोबल’. बाहेरचे एखादे सॉफ्टवेअर टाकताना कोठाराच्या ओळीत हे नाव लागते. व्हिडिओतली आज्ञा तुमच्या मशीनला नाव विचारते, मशीन प्रामाणिकपणे ‘विल्मा’ सांगते, आणि त्या कोठारात विल्मा नावाचा कप्पाच नसतो. एरर येते. इथे थांबलात तर काहीही बिघडलेले नसते. तिथे ‘नोबल’ घालायचे, एवढाच उपाय.

पण तोवर कुणीतरी ‘मूळ डेबियनचीच ओळ टाक’ असा सल्ला देते. डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, त्याची ओळ जाते. पुढच्या अपडेटला शेकडो पॅकेजेस नवी म्हणून दिसतात, कारण तिथले आवृत्तीचे आकडे मोठे असतात. तुम्ही ‘येस’ म्हणता. त्यात जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर टेकलेला असतो ती ‘जीलिबसी’ही नोबलच्या २.३९ वरून २.४१ वर जाते. भिंती उबुंटूच्या आणि पाया डेबियनचा, अशी गत होते.

‘तेवढी एक ओळ काढून टाका ना,’ असे आम्हाला सांगितले जाते. ओळ काढता येते, पण चढलेली पॅकेजेस त्यामुळे खाली उतरत नाहीत. उतरण्याची अधिकृत सोय डेबियनने दिलेलीच नाही. एकेक पॅकेज हाताने उतरवत बसण्यापेक्षा तुमच्या फायली बाजूला घेऊन नवे इन्स्टॉलेशन करणे स्वस्त पडते. आम्ही तेच करतो आणि त्याचे पैसे घेतो. सिस्टीमची प्रत ठेवणारे टाइमशिफ्ट चालू असेल तर मात्र आदल्या दिवसाची प्रत परत आणून मशीन बहुधा अर्ध्या तासात उठते. आमच्या प्रत्येक मशीनवर ते चालू करूनच देतो. जागा खाते म्हणून कृपया बंद करू नका. जागा कमी पडत असेल तर मोठी एसएसडी आमच्याकडे मिळेल. टाइमशिफ्ट सिस्टीम वाचवते, तुमचे फोटो नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

दुसरी तक्रार, की आम्ही ‘जुने’ देतो. आम्ही लांब पल्ल्याची आवृत्ती देतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर आमच्याकडे आलेली बरीच मशीन विंडोज ११ ला चालत नाहीत, आणि त्यांच्या मालकांना दर सहा महिन्यांनी नवे घर नको असते. नवे सॉफ्टवेअर हवेच असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधली फ्लॅटपॅक आवृत्ती घ्या. ती आपली शिदोरी बरोबर घेऊन येते, सिस्टीमच्या चुलीला हात लावत नाही. टॅली किंवा पेजमेकरवर रोजचे काम असेल, तर आम्ही स्वतःच सांगतो : विंडोज राहू द्या.

ऑफिसच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ असेल तर त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले आहेत. तो रेड हॅट शाखेचा विषय, त्यासाठी वेळ ठरवून या.

लॅपटॉपच्या तळाला आम्ही एक स्टिकर लावतो. त्यावर दोन नावे असतात, मिंटचे आणि उबुंटूचे. कुठलीही ओळ चिकटवण्याआधी तो पाहा; शंका वाटली तर ओळीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याचे पैसे घेत नाही. आणि बिघडलेच, तर आणखी चार उपाय करून न बघता आहे तसे मशीन आणा, सोबत त्या ओळी आणा. चार्जरही आणा, निम्मे लोक तो घरी विसरतात.